एचआरटी अचानक बंद केली, आता घाम, धडधड, झोप नाही. हे किती दिवस चालणार?

ताई, तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडते म्हणजे बाकीच्या वाचणाऱ्यांनाही कळेल. वय ५४, पाळी ४८ व्या वर्षी गेली, वाफा, म्हणजे अंगातून एकदम उष्णतेची लाट, फार यायच्या म्हणून एचआरटी, म्हणजे पाळी गेल्यावर बाहेरून द्यायची हॉर्मोन, सुरू झाली, रोज इस्ट्रोजेनची गोळी आणि रात्री प्रोजेस्टेरॉन. सहा वर्षं छान गेली. मग नणंद म्हणाली की याने ब्रेस्ट कॅन्सर होतो, तुम्ही घाबरून एका दिवसात सगळं बंद केलंत. आता तीन आठवडे झालेत, रात्री दोनदा गाऊन बदलावा लागतो, छातीत धडधडतं, झोप उडाली आहे, सकाळी बोटं आखडतात. तुम्ही विचारताय की शरीराला गोळ्यांची सवय लागली होती का, हे किती चालणार, आणि परत सुरू करावी का.

मी गायनॅकॉलॉजिस्ट आहे, पुण्यात बरीच वर्षं प्रॅक्टिस करते आणि पाळी गेलेल्या बायका हा माझ्या ओपीडीचा मोठा भाग आहे. हा प्रश्न मला इतक्या वेळा विचारला जातो की एकदा नीट, सगळं लिहूनच टाकते. मोठं होईल, चहा घेऊन बसा.

पहिलं म्हणजे सवय वगैरे काही लागलेली नाही, ते मनातून काढून टाका. तुमच्या ओव्हरीजनी जे इस्ट्रोजेन बनवणं बंद केलं होतं त्यातलं थोडंसं आपण बाहेरून देत होतो. ते थांबवलं की शरीर गोळी नसती तर जिथे असतं तिथे जातं, त्याच्या खाली कुठे जात नाही. फक्त फरक एवढा की नैसर्गिकपणे हे उतरणं दोन-चार वर्षं हेलकावे खात होतं आणि गोळी एकदम सोडली की दोन-चार दिवसांत रक्तातलं इस्ट्रोजेन तळाला येतं. मेंदूला हा वेग आवडत नाही. मेंदूत हायपोथॅलॅमस नावाचा भाग आहे, तिथल्या काही पेशी इस्ट्रोजेनच्या लगामात असतात. लगाम सुटला की त्या न्यूरोकायनिन बी नावाचं रसायन जास्त सोडायला लागतात आणि शेजारचं तापमान सांभाळणारं केंद्र एकदम हळवं होतं. एरवी अंगाचं तापमान थोडं वरखाली झालं तर शरीर दुर्लक्ष करतं, आता तेवढ्याशानेही ते अलार्म वाजवतं, त्वचेच्या रक्तवाहिन्या उघडतात, चेहरा-मान लाल, घाम, हृदयाचे ठोके वाढतात, आणि मग घाम वाळताना हुडहुडी. तुमची धडधड बहुतेक याच्यातलीच आहे. बहुतेक म्हणाले, कारण त्यावर पुढे थोडं वेगळं बोलायचंय.

किती जणींना असं होतं? अमेरिकेत विमेन्स हेल्थ इनिशिएटिव्ह नावाचा प्रचंड मोठा अभ्यास झाला, त्यातल्या हजारो बायकांच्या गोळ्या २००२ मधे एकदम थांबवल्या गेल्या, आणि नंतर काही महिन्यांनी त्यांना विचारलं की आता कसं वाटतंय. ज्यांना सुरुवातीला वाफांचा त्रास होता त्यांच्यातल्या ५५ टक्क्यांना परत त्रास सुरू झाला होता. पण गंमत बघा, ज्यांना खोटी गोळी मिळत होती, म्हणजे जिच्यात काहीच औषध नव्हतं, त्यांच्यातही साधारण २१ टक्के बायकांना वाफा येत होत्या. म्हणजे काही जणींना या वाफा वर्षानुवर्षं असतातच, गोळी असो नसो. अमेरिकेतल्याच दुसऱ्या एका मोठ्या अभ्यासात वारंवार येणाऱ्या वाफांचा मध्यम कालावधी साडेसात वर्षांच्या आसपास निघाला, म्हणजे निम्म्या बायकांना त्याहूनही जास्त काळ. आपल्याकडे दोन वर्षांत सगळं शांत होतं असं घरातल्या मोठ्या बायका सांगतात, त्यांचं तसं झालंही असेल, पण त्या भरवशावर राहून स्वतःला दोष देऊ नका की मलाच कसं सहन होत नाही.

माझ्या अनुभवात बंद केल्यावरचे पहिले सहा ते आठ आठवडे सगळ्यात वाईट, मग तीन ते सहा महिन्यांत बऱ्याच जणींचं जगण्यासारखं होतं, आणि थोड्या जणींचं अजिबात होत नाही. तुम्ही तिसऱ्या आठवड्यात आहात, म्हणजे ऐन माथ्यावर. आत्ताच्या त्रासावरून पुढचं वर्ष असंच जाणार असं धरू नका.

आणि हळूहळू कमी केली असती तर झालंच नसतं का, हे तुम्ही विचारलेलं नाहीये पण मनात असणार. प्रामाणिक उत्तर असं की हळू कमी केल्याने सुरुवातीचा दणका सौम्य होतो, पण वर्षभराने बघितलं तर एकदम बंद करणाऱ्या आणि हळू बंद करणाऱ्या बायकांच्या वाफांमधे फारसा फरक राहत नाही. ब्रिटनमधल्या नाइस या आरोग्यविषयक सरकारी संस्थेच्या गाइडलाइन्समधेही हेच आहे, दोन्ही पद्धती चालतात, बाईने ठरवावं. तरी मी स्वतः हळूच कमी करते, कारण तीन रात्री झोप न झालेली बाई ऑफिसला जाते, स्कूटर चालवते, घरात आजारी सासूबाई असतात, तिला सुरुवातीचा दणका सौम्य मिळाला तर तेही मोलाचंच आहे. आधी डोस अर्धा, दोन-तीन महिने थांबायचं, अंग काय म्हणतं बघायचं, मग त्याहून कमी. एक दिवस गोळी एक दिवस नाही असं मला पटत नाही, त्यात रक्तातली पातळी रोज चढउतार करते, त्यापेक्षा रोजची छोटी मात्रा बरी. गोळीऐवजी त्वचेवर चोळायचं इस्ट्रोजेनचं जेल वापरत असाल तर मात्रा कमी करणं सगळ्यात सोपं. गर्भपिशवी असेल तर इस्ट्रोजेन चालू आहे तोपर्यंत प्रोजेस्टेरॉन सोडायचं नाही, हे मात्र अगदी पक्कं.

अजून एक, ही माझी स्वतःची पद्धत आहे, पुस्तकात नाही. तातडी नसेल तर मी पुण्यात मार्च ते मे या काळात कुणाची एचआरटी बंद करत नाही. बाहेर ४० डिग्री, रात्री पंख्याची हवापण गरम, त्यात हायपोथॅलॅमस हळवा. दिवाळीनंतर थंडी पडायला लागली की सुरू करायचं, फेब्रुवारीपर्यंत सगळ्यात वाईट काळ निघून जातो.

आता मला जे खरंच सांगायचंय ते. वाफा दिसतात, कळतात, म्हणून सगळ्यांचं लक्ष तिकडेच. पण एचआरटी थांबल्यावर शरीरातला प्रत्येक अवयव आपापल्या वेगाने बदलतो आणि जे सगळ्यात मोठं नुकसान आहे ते काहीही न दुखता होतं. बायका वाफा थांबल्या की म्हणतात, सुटले, आता डॉक्टरकडे जायला नको, आणि खरं तर माझ्या मते तेव्हाच यायला हवं असतं.

हाडं. इस्ट्रोजेन हाडं झिजवणाऱ्या पेशींना आवर घालतं. ते गेलं की पाळी गेल्यानंतरच्या पहिल्या वर्षांत जशी हाडं झपाट्याने झिजतात तशीच परत झिजायला लागतात, एका वर्षात मणक्याची घनता काही टक्क्यांनी कमी होऊ शकते, आणि काही वर्षांत एचआरटीने दिलेलं फ्रॅक्चरपासूनचं संरक्षण संपतं. सहा वर्षं घेतली म्हणजे सहा वर्षांचा साठा झाला असं नाही होत. याचं काहीच जाणवत नाही. ना कळ, ना सूज. मग साठीनंतर कधीतरी पावसाळ्यात ओल्या फरशीवर पाय घसरतो, हात टेकवला की मनगट मोडतं, आणि तेव्हा घरचे म्हणतात पडली म्हणून मोडलं. पडलं तर धडधाकट हाड सहसा असं मोडत नाही हो. म्हणून बंद करतानाच एक डेक्सा स्कॅन, म्हणजे हाडांची घनता मोजणारी तपासणी, करून घ्या आणि एक-दोन वर्षांनी परत. त्यात येणारा घनतेचा आकडा, म्हणजे टी-स्कोअर, उणे २.५ किंवा त्याखाली असेल, किंवा आधी फ्रॅक्चर झालेलं असेल, आईचं खुब्याचं हाड मोडलं असेल, तर एचआरटी बंद करताना हाडांसाठी दुसरं औषध सुरू करायचं का हे त्याच भेटीत ठरवायला हवं, आठवड्याची अ‍ॅलेंड्रोनेटची गोळी किंवा वर्षातून एकदा सलाइनमधून झोलेड्रोनिक अ‍ॅसिड. फक्त कॅल्शियमच्या गोळीने हे भागत नाही, ती फक्त माती-विटा आणून टाकते, बांधकाम इस्ट्रोजेन आणि व्यायाम करत असतात.

व्यायाम म्हणजे नुसतं बागेत गप्पा मारत चालणं नाही. आपल्याकडे तळजाई, वेताळ टेकडी, पर्वतीच्या पायऱ्या आहेत, चढ चढणं हाडांना कळतं, सोबत आठवड्यातून दोन-तीनदा वजनं उचला, घरात पाण्याच्या भरलेल्या बाटल्या चालतात सुरुवातीला. आणि व्हिटॅमिन डी तपासा, एवढं ऊन असून पुण्यातल्या बायकांचं डी कमी येतं कारण सगळं आयुष्य सावलीत, ऑफिसमधे आणि स्कार्फ-सनकोटमधे जातं. जेवणात नाचणी, तीळ, दही, ताक. नाचणीच्या १०० ग्रॅम पिठात ३०० मिलिग्रॅमच्या वर कॅल्शियम असतं, दिवसाला लागतं साधारण १००० ते १२००.

दुसरी गप्प बसलेली गोष्ट, योनीमार्ग आणि लघवीची जागा. वाफा कधी ना कधी कमी होतात, हा कोरडेपणा मात्र आपोआप कमी होत नाही, उलट वर्षागणिक वाढतो. बंद केल्यावर काही महिन्यांनी आग होणं, संबंधाच्या वेळी दुखणं, सारखी लघवीला लागणं, जळजळ, दर दोन महिन्यांनी युरिन इन्फेक्शन आणि अँटिबायोटिकचे कोर्स. बायका हे नवऱ्यालाही सांगत नाहीत, डॉक्टरला तर दरवाज्यातून बाहेर पडताना, जाता जाता सांगतात. यावर उपाय खूप साधा आहे, जागेवर लावायचं कमी मात्रेचं इस्ट्रोजेन क्रीम, आपल्याकडे एस्ट्रिऑलचं मिळतं. सुरुवातीला रोज रात्री, मग आठवड्यातून दोनदा. रक्तात फार कमी जातं, प्रोजेस्टेरॉन सोबत घ्यावं लागत नाही, आणि मोठी एचआरटी बंद केली तरी हे वर्षानुवर्षं चालू ठेवता येतं. ब्रेस्ट कॅन्सर होऊन गेला असेल तर मात्र ऑन्कॉलॉजिस्टला विचारल्याशिवाय नाही. आणि या क्रीमने हाडं वाचत नाहीत, वाफा जात नाहीत, ते तेवढ्याच जागेपुरतं आहे.

तुमची आखडलेली बोटं. हो, हे गोळी बंद केल्याचंच असू शकतं. मी वर सांगितलेल्या त्या अभ्यासात अंगदुखी आणि सांधे आखडणं हे खरी गोळी थांबवलेल्या बायकांमधे साधारण ३७ टक्के होतं आणि खोटी गोळी थांबवलेल्यांमधे २२ टक्के. बऱ्याच जणी यासाठी आधी ऑर्थोकडे जातात, मग संधिवाताच्या तपासण्या, कुणी विचारतच नाही की हल्ली कुठलं औषध थांबवलंय का. पण सांध्यांना सूज असेल, सकाळचा आखडलेपणा तासाच्या वर टिकत असेल, तर संधिवाताची तपासणी करावीच.

मनाचं थोडं सांगते. चिडचिड, रडू येणं, काही शब्द पटकन न आठवणं हे निम्मं झोप नसल्याने असतं. पण ज्यांना पाळी जायच्या काळात खरंखुरं डिप्रेशन येऊन गेलंय त्यांच्यात इस्ट्रोजेन काढून घेतल्यावर ते परत येऊ शकतं, यावर अमेरिकेत नीट अभ्यास झालेला आहे. तुमच्या बाबतीत तसं काही होऊन गेलं असेल तर घरच्यांना आत्ताच सांगून ठेवा आणि दोन आठवडे सलग उदास वाटलं तर थांबू नका. त्वचा थोडी कोरडी होते, केस थोडे जास्त गळतात, त्यासाठी महागड्या सप्लिमेंट्सच्या मागे लागू नका. वजन गोळी बंद केल्याने कमी होत नाही, फॅट पोटाकडे सरकतं. कोलेस्टेरॉल आणि शुगर तीन-चार महिन्यांनी बघा, एलडीएल म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल थोडं वर जाऊ शकतं, डायबेटिस असेल तर एचबीएवनसी, म्हणजे तीन महिन्यांच्या सरासरी शुगरची तपासणी, नक्की.

आणि थायरॉइड! हे फार जण विसरतात, डॉक्टरसुद्धा. इस्ट्रोजेनची पोटात घ्यायची गोळी चालू असते तेव्हा रक्तात थायरॉइड हॉर्मोनला धरून ठेवणारं प्रोटीन वाढतं, त्यामुळे ज्या बायका थायरॉक्सिन घेतात त्यांना डोस थोडा जास्त लागतो. इस्ट्रोजेन बंद झालं की तोच डोस जास्त व्हायला लागतो, आणि जास्त थायरॉक्सिनची लक्षणं काय, तर घाम, धडधड, झोप न येणं. म्हणजे तुमच्या प्रश्नातलं सगळंच. तुम्ही थायरॉइडची गोळी घेता का ते लिहिलेलं नाही, घेत असाल तर आणखी तीन-चार आठवड्यांनी टीएसएच ही थायरॉइडची रक्ततपासणी करा आणि तुमच्या डॉक्टरला सांगा की इस्ट्रोजेन बंद झालंय. जेल किंवा पॅच असेल तर हा प्रश्न येत नाही.

धडधडीवर वेगळं बोलायचंय म्हणाले ते हेच, की सगळं मेनोपॉजच्या नावावर ढकलू नका. एक ईसीजी, हिमोग्लोबिन, टीएसएच, शुगर, एवढं करून घ्या. धडधड वाफेबरोबर येऊन वाफेबरोबर जात असेल तर ठीक, चालताना छातीत दडपण, धाप, चक्कर असेल तर त्याच दिवशी हृदयाच्या डॉक्टरकडे. आणि रात्रीच्या घामासोबत संध्याकाळचा ताप असेल, वजन उतरत असेल, खोकला असेल तर आपल्या देशात आधी टीबी तपासायचा, हॉर्मोन नंतर.

रक्तस्रावाबद्दल. गोळ्या थांबवल्यावर पहिल्या आठवड्या-दीड आठवड्यात थोडं अंगावरून गेलं तर ते प्रोजेस्टेरॉन थांबल्याचं असतं, चालतं. त्यानंतर महिन्यांनी, अगदी एक डाग जरी दिसला, तरी सोनोग्राफी करायची, गर्भपिशवीचं अस्तर ४ मिलिमीटरपेक्षा जाड असेल तर बायोप्सी. एवढं अंगावर काढू नका, प्लीज.

आता कॅन्सरची भीती, जिच्यामुळे हे सगळं झालं. नणंद काळजीनेच बोलल्या, आणि पूर्ण चुकीचंही नाही बोलल्या. त्या २००२ च्या अभ्यासात दर १०,००० बायकांमागे वर्षाला ८ ब्रेस्ट कॅन्सर जास्त दिसले, इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टिन (प्रोजेस्टेरॉनसारखं काम करणारं औषध) दोन्ही घेणाऱ्यांमधे. बातमी जगभर गेली आणि रातोरात लाखो बायकांनी गोळ्या टाकून दिल्या. पण त्या बायकांचं सरासरी वय ६३ होतं, तुम्ही सुरू केलीत ४८ ला, आणि औषधंही जुनी होती. गर्भपिशवी काढलेल्या आणि फक्त इस्ट्रोजेन घेणाऱ्या बायकांमधे तर तो धोका वाढलाच नाही. नंतर २०१९ मधे पाश्चात्त्य देशांतल्या खूप साऱ्या अभ्यासांचा एकत्र हिशोब झाला, त्यात पन्नाशीपासून पाच वर्षं रोज दोन्ही हॉर्मोन घेतली तर पुढच्या वीस वर्षांत दर ५० बायकांमागे एकीला जास्तीचा कॅन्सर असा आकडा आला, फक्त इस्ट्रोजेनसाठी २०० मागे एक. आपल्याकडे मुळात ब्रेस्ट कॅन्सरचं प्रमाण तिथल्यापेक्षा कमी आहे. धोका आहे, तो मी लपवणार नाही, पण तो केवढा आहे हे कळून मग निर्णय घेणं वेगळं आणि फोनवर कुणीतरी काहीतरी म्हटलं म्हणून रात्रीत बंद करणं वेगळं. बंद केल्यावर तो धोका उतरतो, पण एका दिवसात शून्य होत नाही, बरीच वर्षं घेतली असेल तर थोडा मागे राहतो, म्हणून मॅमोग्राफी चालू ठेवायची. रक्तात गुठळी होण्याचा धोका मात्र काही महिन्यांतच खाली येतो.

मग परत सुरू करायची का? तुमचं वय साठच्या आत, पाळी जाऊन दहा वर्षांच्या आत, आणि ब्रेस्ट कॅन्सर, गुठळी, स्ट्रोक, हार्ट अटॅक, लिव्हरचा आजार असं काही नसेल, मॅमोग्राफी नॉर्मल असेल तर परत सुरू करायला हरकत नाही, पण आधीपेक्षा कमी मात्रेत, शक्यतो गोळीऐवजी जेल, म्हणजे गुठळीचा प्रश्नच फारसा उरत नाही. मग येत्या थंडीत हळूहळू कमी करू. किंवा अजून सहा आठवडे थांबून बघा, झोप लागायला लागली तर कशाला परत सुरू करायची. दोन्ही बरोबर आहे, तुम्हाला काय झेपतंय त्यावर आहे. मात्र घरात उरलेल्या पाकिटातली नुसती इस्ट्रोजेनची गोळी काढून स्वतःच सुरू करू नका, गर्भपिशवी असताना एकटं इस्ट्रोजेन अस्तर वाढवतं आणि तिथला कॅन्सर होऊ शकतो. साठीनंतर चार-पाच वर्षांचा खंड पडून परत सुरू करणं ही तर पूर्ण वेगळी गोष्ट आहे, तेव्हा मी सहसा नाही म्हणते.

हॉर्मोन नकोच असतील तरी पर्याय आहेत. व्हेनलाफॅक्सिन, एस्सिटालोप्राम, रात्री गॅबापेंटिन, यांनी वाफा बऱ्यापैकी कमी होतात, डॉक्टरच्या चिठ्ठीनेच. ब्रेस्ट कॅन्सरवरचं टॅमॉक्सिफेन चालू असेल तर याच प्रकारचं पॅरॉक्सेटिन हे औषध घेऊ नये. सीबीटी नावाची समुपदेशनाची पद्धत वाफांच्या त्रासासाठी खरंच उपयोगी पडते, ते वेडं समजणं नाही. सोयाच्या गोळ्यांबद्दल विचारतात, फरक पडतो म्हणावं इतका पुरावा नाही. शतावरी वगैरे घ्यायची तर वैद्यांना दाखवून, जाहिरात बघून नाही.

आणि हे सगळं पन्नाशीच्या आसपासच्या बायकांसाठी लिहिलंय. ज्यांची पाळी चाळिशीच्या आत गेली किंवा ऑपरेशनमधे ओव्हरीज काढल्या गेल्या त्यांनी वरचं वाचून गोळी थांबवू नका. त्यांच्यासाठी एचआरटी म्हणजे जे शरीरात असायलाच हवं होतं ते परत देणं, आणि दुसरं कारण नसेल तर नैसर्गिक पाळी जायच्या वयापर्यंत, म्हणजे साधारण पन्नास-एक्कावन्नपर्यंत, ती चालूच ठेवायची असते. बीडच्या ऊसतोड बायकांच्या तिशीत पिशव्या काढल्याच्या बातम्या २०१९ मधे आल्या तेव्हा सगळे ऑपरेशनबद्दल बोलले, ज्यांच्या ओव्हरीजही गेल्या त्यांच्या हाडांचं आणि हृदयाचं पुढे काय याबद्दल कुणी फारसं बोललं नाही, आणि ते मला अजून सलतं. शहरातही असं असतं, ३८ व्या वर्षी सगळं काढलंय आणि घरी पाठवताना हॉर्मोनबद्दल एक शब्द नाही. अशी कुणी तुमच्या ओळखीत असेल तर तिला घेऊन या कुठल्याही गायनॅकॉलॉजिस्टकडे.

तुम्ही स्वतः जाल तेव्हा गोळ्यांची जुनी पाकिटं, शेवटची मॅमोग्राफी, डेक्सा झाला असेल तर तो, आणि थायरॉइडची चिठ्ठी सोबत न्या. रात्री किती वेळा जाग येते ते आठवडाभर कॅलेंडरवर लिहून ठेवा, त्यावरून मात्रा ठरवणं सोपं जातं. आणि पुढच्यावेळी नणंदेलाही सोबत न्या, त्यांचीही पन्नाशी आलीच असेल.